गिरणीचा नंबर

तुम्ही एखाद्या वेबसाइटवर फॉर्म भरत असता, मोबाईलच्या रकान्यात चुकून नऊच आकडे टाकता आणि खाली लाल अक्षरं उमटतात. ती लाल अक्षरं लिहिणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या धंद्यात याला व्हॅलिडेशन म्हणतात. आलेली माहिती आत घेण्याजोगी आहे का ते बघायचं, नसेल तर दारातच अडवायचं. आई वाडीत सांगते, "माजी पोरगी कंप्युटरवर वॉचमन हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते, एवढं शिकून वॉचमन का म्हणतेस म्हणून. अलीकडे मला ते बरोबर वाटायला लागलंय.

माझं ऑफिस सोमाटणे फाट्याला, टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही मोजकीच माणसं. शाळांच्या, पतसंस्थांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट बनवतो. मी राहते लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत. सकाळची लोकल, तळेगावला उतरून शेअर रिक्षा, आणि रविवारी वाडीवर. वाडी भुशी धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या मागच्या अंगाला. लोणावळ्यात येऊन राहा म्हणून आईला कैकदा सांगून झालं, पण धरणाच्या वाटेवर तिची भज्यांची जागा आहे आणि ती सोडून ती कुठंही जाणार नाही.

वाडीत रेंज नाही. पुण्या-मुंबईची माणसं डोंगराच्या त्या बाजूला उभी राहून घरच्यांना धबधबा दाखवतात, आणि या बाजूला आमच्या घरात फोनवर एक दांडी येत नाही. रेंज येते ती खिंडीत, जिथं आबांची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं वाडीचा नंबर म्हणजे गिरणीचा नंबर. गॅसची टाकी, रेशन, बँक, दवाखाना, सगळीकडे तोच. आबा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात, तरी पीठ आत जातंच, आणि त्यातून प्रत्येक माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतो. ओटीपी आला की आबा गिरणी बंद करतात, बाहेर येऊन ज्याचा असेल त्याला हाक मारतात. तो माणूस लांब असेल तर दळण घेऊन निघालेल्या कुणाकडे तरी तोंडी आकडा धाडतात. तो पोचेपर्यंत त्याची वेळ संपलेली असते, मग दुसरा मागवायचा. दहावीपासून नोकरी लागेपर्यंत प्रत्येक फॉर्मवर मीसुद्धा हाच नंबर लिहिला. मला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचा फोनही गिरणीतच आला होता, आणि आबा कुणाचं तरी जोंधळ्याचं दळण अर्धवट टाकून आमच्या दारात आले होते. तो नंबर मला आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

पुढं बऱ्याच घरांत नोकरीवरचं पोरगं झालं, कुणी चाकणला, कुणी तळेगावच्या कंपनीत. त्या घरांना त्या पोरांचे नंबर झाले. गिरणीच्या नंबरावर उरली दोन-चार घरं. त्यात एक आमचं, निव्वळ सवयीनं. आणि एक शेजारच्या मावशीचं, कारण तिला दुसरा नंबरच नव्हता.

ही मावशी नात्यातली नव्हे, भिंतीला भिंत म्हणून मावशी. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. एक मुलगी, ती जुन्नरकडे दिलेली, आणि जावयाचा नंबर मागायचा मावशीला संकोच. पावसाळ्यात ती धरणाच्या वाटेवर मक्याची कणसं भाजते. तिची जागा वळणावरच्या जांभळीखाली. तिथं निखाऱ्याला वारा लागत नाही आणि धरणावरून भिजून परतणारं प्रत्येक माणूस तिथंच थबकतं. सासूनं तिला ती जागा दाखवून दिली होती. त्या महिन्यांवर तिचं सगळं वर्ष निघायचं. मी लहान असताना आई भज्यांच्या कढईत गुंतलेली असायची, तेव्हा मी मावशीच्या शेगडीमागं बसून गृहपाठ करायची. जे कणीस जळेल ते गिऱ्हाइकाला देता येत नाही म्हणून माझं. मावशी इतकी वर्षं कणसं भाजतेय, तरी माझ्या चाचणी परीक्षेच्या दिवसांत तिची कणसं जरा जास्तच जळायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी त्या वाटेवरच्या जागा रीतसर वाटून द्यायचं ठरलं. तोवर जो तो आपापल्या जागी बसायचा, भांडणं व्हायची, मिटायची. आता अर्ज करायचा, फोटोचं ओळखपत्र मिळणार, आणि ज्याच्याकडे ते नाही त्यानं बसायचं नाही. अर्ज ऑनलाइन. ते काम आमच्या ऑफिसला मिळालं आणि सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, माझ्याकडे दिलं, का तर मी तिथली.

जागा वाटणाऱ्या समितीचे एक साहेब ऑफिसात आले होते. त्यांना धास्ती होती एजंटांची. एकच माणूस पन्नास नावांनी अर्ज भरेल, जागा अडवेल आणि मग त्याच बायकांना भाड्यानं देईल, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, "सोपं आहे. एका मोबाईल नंबरावर एकच अर्ज. दुसरा आला की अडवायचा."

साहेब जरा घुटमळले. म्हणाले, "पण त्या वाड्यांवरच्या बायका..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "साहेब, आजकाल मोबाईल कुणाकडे नाही?"

हे मी म्हटलं. गिरणीच्या नंबरावर शिकून मोठी झालेली मी. त्या वेळी वाडी माझ्या डोळ्यांपुढं आली नाही, आबा आले नाहीत, कुणीच आलं नाही. डोळ्यांपुढं होता तो फक्त एजंट नावाचा एक लबाड माणूस आणि त्याला पकडणारी मी. साहेबांनी मान हलवली आणि सर माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ झालं असतं, पण माझं शहाणपण ओसंडून वाहत होतं. नंबराच्या आधी शून्य लावून किंवा मध्ये जागा सोडून कुणी फसवू नये म्हणून ते सगळं काढून टाकून मगच नंबर ताडून बघायचा, हे मी घातलं. शिवाय अर्ज का अडवला ते सांगायचंच नाही, हेही माझंच डोकं. कारण कळलं तर एजंट दुसरं सिम आणेल. म्हणून लाल अक्षरांत लिहिलं, "हा मोबाईल क्रमांक स्वीकारता येत नाही. कृपया क्रमांक नीट तपासून पुन्हा टाका."

फॉर्म सुरू झाला त्याच दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी आईचा अर्ज भरला. आई खिंडीत आबांचा फोन कानाला लावून उभी.

"नंबर कुटला घालतीस?" तिनं विचारलं.

"गिरणीचाच घालते. माझा घातला तर समितीचे फोन मला येत राहतील, ऐन कामात."

"घाल की. आबा काय परके हायत?"

ओटीपी आबांनीच वाचून दाखवला. आईच्या बोलण्यापायी त्यांचं दळण खोळंबलेलं, मागं कुणीतरी आटपा म्हणत होतं. अर्ज गेला, हिरवी खूण आली. मी डबा उघडून जेवायला बसले. आठवड्यापूर्वी मीच लिहिलेला नियम आणि आता मीच टाकलेला नंबर, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी असूनही त्यांची गाठ पडली नाही. कशी पडली नाही, हे मी स्वतःला अजून विचारते. डोकं तेच होतं, दोन्ही कामं त्याच खुर्चीत बसून केलेली.

दोन-तीन दिवसांनी समितीकडून तक्रारी यायला लागल्या. फॉर्म जात नाही. सकाळीच सरांनी मला बसवलं. मी माझ्या फोनवरून भरून पाहिला, गेला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवरून पाहिला, गेला. माझं डोकं तापलं. आमच्या धंद्यात अशा वेळी एक वाक्य ठरलेलं असतं, भरणाऱ्यालाच भरता येत नाही. तेही मी बोलून घेतलं. मग समितीतल्या एका मुलीनं कुणाच्या तरी फोनचा फोटो पाठवला आणि मला उलगडा झाला. नंबर मराठी आकड्यांत होता. लोकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यातून मराठी आकडे पडतात, आणि माझ्या तपासणीला फक्त इंग्रजी आकडे ओळखता येत होते. तिच्या लेखी तो नंबरच नव्हता. लाल.

मी मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलून घेणाऱ्या दोन ओळी लिहिल्या आणि जेवणाच्या आत दुरुस्ती चढवली. समितीला कळवलं, अडचण सुटली. सरांनी चहा सांगितला. मी इतकी खूश होते की अडवलेल्या अर्जांची नोंद उघडून बघायची गरज वाटली नाही. खरं तर दुरुस्ती केल्यावर तेच पहिलं काम. नव्या मुलांना मी ते शिकवते.

त्याच संध्याकाळी पिशवी भरून निघत होते तर आईचा फोन, गिरणीवरून.

"अगं, शेजारचीचा फॉर्म लाल होतोय म्हनती."

"आता दुरुस्त केलंय. परत भरायला सांग. आणि आकडे नीट बघून टाकायला सांग, घाई करू नको म्हणावं."

"ती लय हळू टाकती गं."

"मग अजून हळू टाक म्हणावं," मी म्हटलं आणि लोकल चुकेल म्हणून फोन ठेवला. रिक्षात बसल्यावर मला माझ्याच बोलण्याचं थोडं हसूही आलं होतं.

मुदत संपली, यादी लागली, आईचं ओळखपत्र आलं. त्या रविवारी मी वाडीवर गेले तेव्हा आईनं ते देव्हाऱ्यात ठेवायचंच बाकी ठेवलं होतं. पण आमच्याकडे देव्हारा नाही, म्हणून विहारातल्या कार्यक्रमाच्या पत्रिका जिथं खोचते तिथं, आरशामागं. मी ते काढून बघत होते तेवढ्यात मावशी अळूवड्या घेऊन आली. फोटो बघून म्हणाली, "आई ग्वाड दिसती तुजी."

"तुझं आलं का?" मी विचारलं.

"माजा फॉर्म गेलाच न्हाई. नंबरच घ्येत न्हवतं ते. आता वय झालं, बोट थरथरतं, एकाच्या जागी दुसराच आकडा पडत असंल. तू सांगितलंस तसं लय हळू टाकला, तरी न्हाईच."

"कुठला नंबर टाकत होतीस?" विचारायची गरज नव्हती. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"कुटला म्हंजे? आपला गिरनीचा."

अळूवडी माझ्या हातातच राहिली. आई माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी पुटपुटले, डोकं दुखतंय म्हटलं आणि दुपारीच लोणावळ्याला परत आले. असं पळून यायला नको होतं. पण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची मला धास्ती वाटली.

सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या अडवलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या अर्जांची नोंद उघडली. ती उघडायला अर्धं मिनिट लागतं. गिरणीचा नंबर ओळीनं दिसायला लागला, शेजारी प्रत्येक वेळी मावशीचं नाव. सुरुवातीचे प्रयत्न मराठी आकड्यांतले, ते त्या आधीच्या चुकीपायी अडलेले. मग माझी दुरुस्ती झाली, माझा निरोप पोचला, आणि इंग्रजी आकडे सुरू झाले. मावशी साक्षरता वर्गात इंग्रजी आकडे शिकली होती, बसचे नंबर वाचता यावेत म्हणून. नुसता नंबर. मग आधी शून्य लावून. मग मध्ये जागा सोडून, जसा आबांनी गिरणीच्या दारावर रंगवलाय तसा. मग एकदा शेवटचा आकडा बदलून. तो दुसऱ्याच कुणाचा नंबर, ओटीपी तिकडे गेला असणार, कारण पुढं काही भरलेलं नव्हतं. मग परत आपला खरा नंबर. दुसऱ्या दिवशी परत. प्रत्येक वेळी ती खिंड चढून गेली असणार, आबांनी गिरणी थांबवून आपला फोन तिच्या हातात दिला असणार, आणि प्रत्येक वेळी मी तिला लाल अक्षरांत सांगितलं होतं की नीट तपासून पुन्हा टाका. शेवटची ओळ मुदतीच्या दिवशीची, दुपारची. नंबर अगदी बरोबर होता. तो सगळ्या वेळी बरोबरच होता.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला रडायचा काय अधिकार, असंही वाटलं, पण रडू आलं.

सर म्हणाले, "हा बग नाहीये, प्रोग्रॅममधली चूक नाहीये. ठरलं तसंच चाललंय." हे खरं होतं आणि म्हणूनच मी त्यांच्यावर ओरडले. मग समितीच्या साहेबांना फोन लावला, सगळं सांगितलं, चूक माझी आहे असंही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, मी त्या दिवशी तेच म्हणत होतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. जागा भरल्या होत्या, यादी लागली होती, एकीला मागून घुसवलं तर बाकीच्या उठतील. आईची जागा मावशीच्या नावावर करता येईल का, असं विचारलं. तेही बसत नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

पुढच्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं. ती कांदे सोलत होती.

"तुजा नंबर घातला आसता माज्या फॉर्मवर, तर तिचा गेला आसता न्हवं?"

"हो."

"मग का न्हाई घातलास?"

"कामाच्या वेळात फोन येतील म्हणून."

आईनं कांदा खाली ठेवला. मग म्हणाली, "तिला तू सांग. तुज्या वाटचं मी न्हाई सांगनार."

मी गेले. मावशी ओट्यावर बसली होती. मी तिला जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, की एका नंबरावर एकच अर्ज घ्यायचा असं मी ठरवलं होतं, त्या नंबरावर आईचा आधीच गेला होता, म्हणून तुझा अडला. तुझं बोट बरोबर होतं.

"तू कुटं अडवलंस? मशिननं अडवलं."

"मशीनला मीच सांगितलं होतं, मावशी."

"मग आता त्याला दुसरं सांग की."

इतकं साधं होतं ते तिच्या लेखी. मी म्हटलं, "सांगून उपयोग नाही, मुदत गेली."

"मुदत तू ठरवली व्हतीस?"

"नाही, समितीनं."

"मग झालं तर. तुजा काय दोष? च्या घ्येतीस?"

मला शिव्या हव्या होत्या. माझ्याकडे शिव्या खायची तयारी होती आणि तिच्याकडे द्यायला एकही नव्हती. मी चहा घेतला. चहा प्यायला बसल्यावर मी जे सांगितलं ते तिच्या मनात कुठंतरी मागं सरकलं आणि तिथं परत तिचं थरथरतं बोट येऊन बसलं, हे मला तिच्या बोलण्यातून कळत होतं. आपल्या शेजारच्या पोरीनं आपल्याला अडवलं यापेक्षा आपल्यालाच आकडे टाकता आले नाहीत हे तिला सोयीचं वाटत होतं. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही.

हंगाम सुरू झाला तसा आईनं मावशीला आपल्या जागेत घेतलं. भज्यांच्या कढईशेजारी मावशीची शेगडी. दोन रविवार निभावलं. तिसऱ्या रविवारी तपासणीवाला आला, एका ओळखपत्रावर एकच धंदा म्हणाला. आई त्याच्याशी भांडायला उठली तर मावशीनंच तिला खाली बसवलं, निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि शेगडी उचलून निघून गेली. तुझं पण जाईल म्हणाली. हे मला आईनं सांगितलं, मी तिथं नव्हते. वळणावरच्या जांभळीखाली आता एक तरुण कागदी पेल्यातून चीज कॉर्न विकतो. त्याचा काही गुन्हा नाही. त्यानं वेळेत अर्ज भरला, त्याच्याकडे त्याचा नंबर होता.

मावशी लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला लागली. पाहुण्यांच्या चादरी धुवायच्या, खोल्या पुसायच्या. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, म्हणून पंख्याखाली ताणून धरायच्या. सकाळी मी स्टेशनकडे निघाले की बरेचदा ती टमटममधून उतरताना दिसायची. मी रस्ता बदलायचा विचार केला होता, एकदा बदललाही. पण तिनंच लांबून हाक मारली, "नाश्टा केलास का?" नेहमी कोळशानं काळे असणारे तिचे हात साबणानं पांढरे आणि सुरकुतलेले झाले होते. मी खोटंच सांगितलं की केला.

त्या पावसाळ्यातच मी नियम काढून टाकला. त्या जागी नवीन घातलं. एकाच नंबरावर जास्त अर्ज आले तर अडवायचे नाहीत, समितीतल्या माणसानं फोन करून खात्री करायची. शिवाय लाल अक्षरांत खरं कारण सांगायचं आणि कुणाला विचारायचं तेही. सर म्हणाले, "आणि एजंट?" मी म्हटलं, "एजंट आला तर बघू." नवं लिहिलेलं तपासायला कुणाचं तरी नाव आणि नंबर टाकून बघावं लागतं. मी मावशीचं नाव आणि गिरणीचा नंबर टाकला. गेला. परत टाकला. परत गेला. ती ऑफिसातली चाचणीची प्रत होती, तिथून कुणालाच काही मिळत नाही.

यंदा अर्ज सुरू झाले त्या रविवारी मी स्वतः मावशीकडे जाणार होते, गिरणीचा नंबर आता चालतो हे सांगायला. तर तीच आली. हातात नवा फोन, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच. बंगल्याच्या पगारातून घेतला होता.

"हा माजा नंबर," ती म्हणाली. "माजा एकटीचा. पाट केलाय." आणि तिनं तो म्हणून दाखवला, सावकाश, एकेक आकडा वेगळा करून.

"मावशी, गिरणीचा चालतो आता. मी नियमच काढलाय."

"आसू दे. मागल्या येळी माजी चूक झाली. आता न्हाई व्हनार."

"तुझी नव्हती. माझी होती. सांगितलं होतं ना मी?"

"व्हय गं व्हय," ती म्हणाली, हट्टाला पेटलेल्या पोराला म्हणावं तशी.

फोन नवा असला तरी वाडीत रेंज कुठून येणार. आम्ही दोघी खिंडीत गेलो. अर्ज मी भरत होते, पण नंबरापाशी आले तशी तिनं फोन माझ्या हातातून घेतला. तो रकाना तिनंच भरला. ओटीपीची घंटी वाजली आणि आतली गिरणी थांबली. आबा सवयीनं बाहेर आले, पिठानं पांढरे, आणि आपल्या पिशवीतला फोन काढून बघायला लागले. मावशी म्हणाली, "आबा, तुमचा न्हाई, माजा वाजला." आबांनी आपला फोन परत पिशवीत गुंडाळला आणि ते आत गेले.

अर्ज गेला. हिरवी खूण बघून मावशी हसली. मला मात्र समितीची एक अट माहीत होती, ती यंदाच आली होती. गेल्या वर्षी ज्यांच्याकडे ओळखपत्र होतं त्यांना त्यांची जागा आधी मिळणार, नव्यांना उरलेल्यातून. ती अट माझी नव्हती. पण मावशी नवी ठरली, ती माझ्यामुळेच.

गेल्या आठवड्यात यादी लागली. ऑफिसातच बघितली. मावशीला जागा मिळाली, पण अगदी वरच्या टोकाला, पायऱ्यांच्या पुढं, जिथं आडोसा नाही आणि शेगडी धरता धरता निखारे विझतात. जांभळीखालची जागा चीज कॉर्नवाल्याकडेच राहिली. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगावं म्हणून मी तिचा नवा नंबर लावला. बाईचा आवाज आला, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. तीनदा लावला, तीनदा तेच. मग गिरणीचा लावला. तो फोनमध्ये साठवलेला नाही, कधी गरजच पडली नाही, बोटांनीच लागला.

आबांनी गिरणी थांबवली. मावशी वाटेवरच कुठंतरी होती, त्यांनी हाक मारलेली मला ऐकू आली, मग चपला, मग पिठातून येणारा तिचा आवाज.

"जागा मिळाली मावशी," मी म्हटलं. "पण वरची. टोकाची. वारा असतो तिथं."

"म्हंजे आकडं बरुबर पडलं न्हवं माज्याकडनं, ह्या येळंला?"

"हो मावशी. बरोबर पडले."

"मग बास," ती म्हणाली आणि फोन आबांच्या हातात दिला. आबांनी आणखी काही सांगायचंय का विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्यांनी गिरणी परत चालू केली.